धागा : आवडती अर्बन फॅन्टसी पुन्हा वाचायची आहे. कुठून, किती आणि कशी?

साडेदहानंतर (लातूर)

सगळ्यांना नमस्कार. दिवसभर क्लास आणि टेस्ट सिरीज, रात्री साडेदहानंतर अर्धा-पाऊण तास मोकळा. त्या वेळेला नवीन पुस्तक डोक्यात शिरत नाही. म्हणून आधी वाचलेली एक इंग्रजी कुमार कादंबरी पुन्हा काढली आहे. आजचं मोठं शहर, त्यात साध्या माणसांना न दिसणारी जादूची दुनिया, सतरा वर्षांची नायिका, साडेचारशे पानं. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे बऱ्याच जणांनी ती वाचलेली नसणार. कथानक कुणी फोडू नये ही विनंती.

अडचणी अशा : हातात घेतली की रात्रीचे दोन वाजतात. शेवटाकडे गेलं की झोपच उडते. पुढचे भागही आहेत, ते घ्यायचे की नाही ते ठरत नाही. आणि रूममेटचं म्हणणं, हा सगळा पळपुटेपणा आहे. जाणकारांनी सांगावं.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

रूममेटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो निकाली निघाला की बाकीचं सोपं आहे.

अद्भुत कथांवर पळपुटेपणाचा आरोप फार जुना आणि त्याचं उत्तरही जुनंच. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि पलटण सोडून पळालेला शिपाई अशी दोन माणसं वेगळी काढली. टीकाकार पहिल्याला दुसरा समजून झोडपतात, असं त्यांचं म्हणणं. मानसशास्त्रातही जवळपास हीच विभागणी आहे. नॉर्वेतल्या फ्रोडे स्टेनसेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये ती मांडली : काहीतरी चांगलं अनुभवायला जाणं हे एक पलायन, नकोसं वाटणारं दाबून टाकायला जाणं हे दुसरं. पहिल्याचं नातं चांगल्या मनःस्थितीशी, दुसऱ्याचं वाईट मनःस्थितीशी. कादंबरी तीच, वाचकही तोच, फक्त तो कशासाठी गेला ते वेगळं.

तुमचं कुठलं, ते पुस्तक मिटल्यावर कळतं. मिटून उद्याच्या टेस्टचा विचार शांतपणे करता आला तर ठीक चाललंय. तो विचार येऊ नये म्हणूनच पुढचं पान उलटलं जात असेल तर त्या रात्री पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी उद्याच्या कामाची चार ओळींची यादी कागदावर उतरवा.

आता हिशोब. साडेचारशे पानांची अशी कादंबरी म्हणजे साधारण सव्वा लाख शब्द. इंग्रजी शाळेत शिकलेला, सरावाचा वाचक मिनिटाला १८० शब्द धरा. जवळजवळ सातशे मिनिटं झाली, म्हणजे साडेअकरा तास. रोज अर्धा तास दिला तर तेवीस रात्री, रोज वीस पानं. हा आकडा आधी माहीत असला की 'आज थोडं जास्त वाचून संपवून टाकू' ही घाई होत नाही, कारण एका रात्रीत ते संपणारच नसतं.

दोन का वाजतात? या प्रकारातला जवळजवळ प्रत्येक अध्याय काहीतरी अर्धवट ठेवून संपतो : दार उघडतं, कुणीतरी ओळखीचं निघतं, दिवे जातात. कुमार कादंबरीची बांधणीच तशी असते. म्हणून अध्याय संपल्यावर थांबायचं हा बेत कधीच पाळला जात नाही. थांबायचं ते अध्याय सुरू झाल्यावर दोन-तीन पानांनी. तोवर मागचा पेच सुटलेला असतो आणि नवा पडलेला नसतो. पात्रं बोलत असतात, चहा-कॉफी घेत असतात, जखम बांधत असतात. वाचायला बसण्याआधीच वीस पानं मोजून, त्यानंतर जिथे असं निवांत पान येईल तिथे कागदाची पट्टी ठेवून द्या. पुन्हा वाचताना हे जमतं, कारण पेच कुठे आहे ते तुम्हाला माहीत असतं.

आणि शेवट रात्री वाचू नका. या कादंबऱ्यांचे ढोबळ तीन तुकडे असतात. पहिली सव्वाशे-दीडशे पानं पडदा फाटण्याची : नायिकेला पहिल्यांदा दिसतं की रोजच्या रस्त्यावर दुसरंच जग चालू आहे. मग तीनशेपर्यंत शिकण्याचा भाग : नियम, हत्यारं, जादूचा बाजार, कोण कुणाच्या बाजूचं. शेवटची दीडशे पानं लढाई आणि फितुरी, वाक्यं आखूड, प्रसंग एकाला एक जोडलेले. ती रविवारी दुपारी सलग वाचा, पावणेचार ते चार तास लागतील. विसाव्यासाठी खरं मोल मधल्या तुकड्याचं आहे. पहिल्या वाचनात आपण तो उरकतो, कारण पुढे काय होतं याची ओढ असते. दुसऱ्या वेळी तिथेच रेंगाळावं. त्या जगातली घरं, जिने, स्वयंपाकघरं, ग्रंथालयं सगळी त्याच पानांत असतात.

परभणीकर

+१. अध्यायाच्या मध्येच थांबायला.

मांजरापात्र (धाराशिव)

खामकाठ यांचं बाकी सगळं पटलं. शेवट माहीत असताना गोडी टिकते का, हा प्रश्न मात्र राहिला. लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी २०११मध्ये लघुकथांवर प्रयोग करून दाखवलं की शेवट आधी सांगितला तरी वाचकांना कथा कमी आवडत नाही, उलट थोडी जास्तच आवडते. पुढच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही. पण थकलेल्या डोक्याला 'हा माणूस वाचणार आहे' हे आधी माहीत असणं सोयीचंच.

पुढच्या भागांबद्दल. मालिका सरसकट वाचायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात कंटाळा येतो. प्रत्येक भागात संकट आधीपेक्षा मोठं करावं लागतं, त्यामुळे शहर मागे पडतं आणि युद्धच उरतं. विसाव्याला आलेल्या वाचकाला हवं होतं शहर. म्हणून मालिकेत नैसर्गिक थांबा कुठे आहे ते प्रकाशनाच्या सालांवरून शोधा.

उदाहरण नाव घेऊन देतो, कथानक न सांगता. कॅसँड्रा क्लेअर यांची न्यूयॉर्कमध्ये घडणारी मालिका सहा पुस्तकांची : 'सिटी ऑफ बोन्स' २००७, 'सिटी ऑफ ॲशेस' २००८, 'सिटी ऑफ ग्लास' २००९. मग मध्ये वर्षभर काही आलं नाही. नंतर 'सिटी ऑफ फॉलन एंजल्स' २०११, 'सिटी ऑफ लॉस्ट सोल्स' २०१२, 'सिटी ऑफ हेवनली फायर' २०१४. पहिली तीन वर्षाला एक आली, कारण बेत त्रयीचाच होता. तिसऱ्यात मुख्य धागे मिटतात, तिथे थांबलं तर काही लोंबकळत राहत नाही. चौथं घेतलं की मात्र सहाव्यापर्यंत जावंच लागतं.

याच जगातली, एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची त्रयी मध्ये मध्ये आली : 'क्लॉकवर्क एंजल' २०१०, 'क्लॉकवर्क प्रिन्स' २०११, 'क्लॉकवर्क प्रिन्सेस' २०१३. पहिल्यांदा वाचणाऱ्याने प्रकाशनाचा क्रम पाळावा, म्हणजे तिसऱ्या 'सिटी'नंतर पहिलं 'क्लॉकवर्क' आणि पुढे आलटून पालटून. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याने उलट करून बघावं : आधी लंडनची तिन्ही, मग न्यूयॉर्क. दोन्हीकडे भेटणारी दीर्घायुषी पात्रं आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांचं काय झालं ते माहीत असताना न्यूयॉर्कमधला त्यांचा साधा संवादही जड वाटायला लागतो. हा आनंद पहिल्या वाचनात मिळूच शकत नाही.

तुमची मालिका दुसरी असेल तरी रीत हीच. सालं लिहून काढा. एक-एक वर्षाच्या अंतराने आलेले भाग बहुधा एकाच बेतातले असतात, मोठा खंड पडला की तिथे थांबायची जागा शोधावी.

गोदातीर (नांदेड)

नियमांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. या प्रकारात मन रमण्याचं मोठं कारण म्हणजे त्या जगाचे नियम पक्के असतात. लोखंडाने चटका बसतो तर सगळ्यांनाच बसतो. वचन दिलं तर मोडता येत नाही. बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. नियम मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते, मग तो राजा का असेना. बाहेर वशिला, फुटलेले पेपर, लांबलेले निकाल चाललेले असताना असं जग वाचणं ही चैन नाही, गरज आहे असं मी मानते.

आणि आपल्याकडच्या वाचकाला हे नियम नवीन नाहीत. बाळाच्या उशाशी अडकित्ता किंवा विळा ठेवणं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणं, तिन्हीसांजेला उंबरठ्यावर न बसणं, पिंपळावरचा मुंजा, पाण्याकाठच्या सात आसरा, माणसाला एकाच शेतात रात्रभर फिरवणारा चकवा. युरोपातल्या लोककथांत रात्री आभाळातून जाणारी भुतांची शिकार असते आणि वाटेत सापडेल त्याला ती ओढून नेते. वेताळाची मशाली घेऊन निघणारी स्वारी आठवा. मूळ वेगळं, पण भीतीची मांडणी तीच. त्यामुळे इंग्रजी कादंबरीतला एखादा नियम अनोळखी वाटला की आधी आपल्याकडे त्याचा भाऊबंद शोधा, अर्थ पटकन उलगडतो.

वाचताना करायचं एवढंच : पुस्तकाच्या आकाराचा एक कोरा कागद, त्यावर तीन रकाने. नियम कोणता, तो पहिल्यांदा कोणत्या अध्यायात सांगितला, तो कुठे वापरला. पहिल्या दीडशे पानांत आठ-दहा नियम सहज निघतात. चांगल्या लेखिकेचा तिसरा रकाना भरतो, पहिल्या तुकड्यात सहज बोलून टाकलेलं वाक्य शेवटच्या तुकड्यात सगळ्यांचा जीव वाचवतं. तिसरा रकाना रिकामा राहिला, किंवा शेवटी एखादा नियम पहिल्यांदाच उगवला, तर बांधणी कच्ची आहे. तशी पुस्तकं एकदाच वाचायची.

रात्रीच्या वाचनाला हा कागद आणखी एका कारणासाठी बरा. हातात पेन्सिल असली की वाचायचा वेग आपोआप उतरतो.

बालाघाट (अंबाजोगाई)

प्रत कोणती आहे? विचारतो कारण लातूरचा उन्हाळा आणि साडेचारशे पानांचं जुनं पेपरबॅक यांचं जमत नाही.

या जाड कादंबऱ्यांची पानं शिवलेली नसतात. पानांचा गठ्ठा पाठीकडून कापून त्यावर गरम डिंक लावलेला असतो. वर्षं गेली की तो कडक होतो आणि पुस्तक मधोमध जोरात उघडलं की तडकतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलं तर तोच डिंक मऊ पडून पानं सरकतात. कूलरच्या झोतात ठेवलं तर कागद ओल धरतो आणि पानांना लाटा येतात, त्या नंतर जात नाहीत. म्हणून भिंतीपासून चार बोटं दूर, कूलरच्या विरुद्ध बाजूला, उभं ठेवा. आडवं ठेवलंत तर वर दुसरं ओझं नको.

बरेच दिवस बंद असलेली प्रत उघडण्याची रीत : पाठ टेबलावर टेकवा, पुठ्ठे दोन्ही बाजूंना खाली करा, मग पुढून दहा-पंधरा पानं, मागून दहा-पंधरा पानं, असं आलटून पालटून हलक्या बोटाने दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे आणि पाठ वाचते.

पान सुटलंच तर सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, चिकट द्रव सोडते आणि शेजारचं पानही धरते. पानाच्या आतल्या कडेचा जुना डिंक नखाने खरवडून काढा. पांढरा फेविकॉल बारीक ब्रशने दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत, अगदी पातळ लावा. जाड लागला तर वाळून कडक होतो आणि पान तिथेच पुन्हा मोडतं. पान आत बसवून दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला, वर जड शब्दकोश ठेवून रात्रभर सोडा. कसर लागली असेल तर कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण तो पूर्ण वाळलेला हवा, ओला पाला उलट बुरशी आणतो. डांबरगोळ्या पुस्तकाच्या कपाटात नकोत. तो वास कागदात बसतो आणि वाचताना डोकं धरतो.

जुनी प्रत विकत घ्यायची असेल तर संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा कुठेही रस्त्यावर घ्या, फक्त पैसे देण्याआधी पानांचे आकडे तपासा. छपाई फर्म्याने होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा किंवा बत्तीस पानं एकदम. नकली प्रतीत एखादं पान हरवत नाही, अख्खा फर्मा हरवतो किंवा दोनदा येतो. म्हणून सगळी पानं चाळायची गरज नाही. दर पंधरा पानांनी आकडा बघत गेलात तरी गडबड सापडते. अक्षरं पुसट आणि समास एकीकडे सरकलेला असेल तर ती प्रत सोडा, रात्रीच्या दिव्याला ती वाचवत नाही.

परभणीकर

छापील प्रतीवर एवढं आलंय म्हणून दुसरी बाजू. लाइट गेली की छापील पुस्तक बंद, स्वतःचा दिवा असलेला ई-इंक रीडर चालू. मोबाइलवर वाचणार असाल तर काही गोष्टी आधी करून ठेवा : विमान मोड, पडद्याचा रंग पिवळसर, अक्षर एवढं मोठं की एका पानावर शंभर-सव्वाशे शब्दच मावतील. किंडल किंवा त्याचं ॲप असेल तर 'पॉप्युलर हायलाइट्स' बंद करा. दुसऱ्यांनी अधोरेखित केलेली वाक्यं दिसत राहिली की आपण त्यांच्या डोळ्यांनी वाचतो. कोपऱ्यातलं 'अध्याय संपायला इतकी मिनिटं' हेही बंद. ते दिसलं की अध्याय संपवायचाच असा हट्ट धरला जातो आणि खामकाठ यांचा नियम मोडतो.

ऑडिओबुकबद्दल मत जरा वेगळं आहे. निवेदक मिनिटाला दीडशे-एकशे साठ शब्द वाचतो, त्यामुळे सव्वा लाख शब्दांना तेरा तास लागतात. पुन्हा वाचण्यासाठी ऑडिओ उत्तम, कारण मध्ये लक्ष गेलं तरी धागा सुटत नाही. पण वेग वाढवू नका. दीडपट वेगाने ऐकलं की शहराचं वर्णन सगळं वाहून जातं आणि फक्त घटना उरतात. झोपण्याआधी ऐकत असाल तर टायमर पंधरा मिनिटांचा, आणि दुसऱ्या रात्री दहा मिनिटं मागे जाऊन सुरुवात.

साडेदहानंतर (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी ठेवून वाचायला सुरुवात केली आहे. प्रत छापील आहे, पाठ अजून धड आहे.

एक अडचण नवीन. नायक जे वागतो ते आता खटकतं. नायिकेला न विचारता तिच्या खोलीत येणं, तिच्यापासून गोष्टी लपवणं आणि त्याला काळजी म्हणणं. पुस्तक सोडून द्यावं का?

वाचनवेल (जालना)

सोडू नका, पण डोळेझाकही करू नका.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की लेखिका जो वॉल्टन यांनी २०१०मध्ये त्यावर लिहिताना एक खट्याळ परीच कल्पिली. तुमचं लाडकं पुस्तक कपाटात असताना ती येते आणि त्यातला चांगुलपणा काढून नेते. शब्द तेच राहतात, बदललेला असतो वाचक. क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही यांनी २०१२मध्ये पुन्हा वाचणाऱ्या, पुन्हा सिनेमा पाहणाऱ्या लोकांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं की माणसं जुन्या पुस्तकाकडे केवळ आठवणींसाठी जात नाहीत, आपण किती बदललो ते त्यांना त्यात दिसतं.

करायचं काय? आधी बघा की ते वागणं पुस्तकाला स्वतःला चुकीचं वाटतं का. नायिका त्याला जाब विचारते का, मैत्रीण काही बोलते का, त्याला त्याची किंमत मोजावी लागते का. तसं असेल तर तो पात्राचा दोष आहे आणि वाचायला हरकत नाही. पुस्तक त्याच वागण्याला प्रेम म्हणून गौरवत असेल तर तो लेखनाचा दोष. तेव्हा ते प्रसंग पेन्सिलने कंसात टाका आणि पुढच्या वेळी ओलांडून जा. साधारण साडेचारशे पानांत असे प्रसंग पंचवीस-तीस पानांपेक्षा जास्त निघत नाहीत. ती वगळून बाकीचं टिकतंय का ते बघा. बऱ्याचदा टिकतं, कारण वाचकाचं मन नायकात नसतंच. ते असतं नायिकेच्या मैत्रिणीत, जुन्या ग्रंथपालात, त्या घरात. वगळूनही काही टिकलं नाही तर मात्र खुशाल निरोप द्या.

शाळेतल्या मुलींच्या हातात हे पुस्तक देणार असाल तर कंस खोडून द्या आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी त्या प्रसंगांवर बोला. आधी सांगितलं की त्या तेवढंच शोधत बसतात.

गोदातीर (नांदेड)

@वाचनवेल, ताई, पुस्तकाला स्वतःला ते चूक वाटतं का, हा निकष फार चांगला आहे. माझ्या तीन रकान्यांत आता चौथा वाढवते : किंमत कुणी मोजली.

नळदुर्गी

धाग्यात अजून शहरच आलं नाही! अर्बन फॅन्टसीतून शहर काढलं तर उरतं काय?

ही कादंबरी पुन्हा वाचण्याची सर्वांत सुखाची रीत म्हणजे ती आपल्या शहरात बसवून वाचणं. या प्रकारात जादू कुठेही लपत नाही. ती लपते जिथे शहर जुनं आहे, जिथे ते जमिनीखाली जातं, जिथे एक हद्द संपून दुसरी लागते आणि जिथे अनोळखी माणसांची गर्दी होते. कादंबरीतल्या जागांची या चार खुणांनी विभागणी करा, मग आपल्याकडच्या नकाशावर जोड्या लावा.

संभाजीनगर तर यासाठीच वसवल्यासारखं आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, आणि दरवाजा ही या कथांची पहिली गरज. मलिक अंबरच्या काळातला, १६१२चा भडकल दरवाजा आज रस्त्याच्या मधोमध उभा आहे आणि त्याच्या आजूबाजूने रिक्षा जातात. दोन जगांमधलं दार यापेक्षा वेगळं कसं असेल? जमिनीखालचं शहर हवं तर नहर-ए-अंबरी आहे, डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी. पाणचक्कीला त्याच पद्धतीने आलेलं पाणी उंचावरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरत असे. शेजारी दर्गा, झाडं, थंडावा : कादंबरीतल्या आश्रयस्थानाला ही जागा. हद्दीसाठी मकाई दरवाजा आणि त्याला लागून खाम नदीवरचा पूल. परीक्षा द्यायची जागा म्हणजे दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, तिथली भुयारी वाट. भर दुपारी आत काळोख, वळणं, पायऱ्यांचा अंदाज येत नाही आणि डोक्यावर वटवाघळं.

बाकी मराठवाड्यातही तोटा नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की महालाच्या वरून पाणी जातं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. बीडची खजाना विहीर आहे, जमिनीखालच्या वाटांनी पाणी वाहून नेणारी.

बसवताना तीन ठिकाणी चुकतं. एक, अंतरं. न्यूयॉर्क-लंडनच्या कादंबरीत पात्रं भुयारी रेल्वेने वीस मिनिटांत शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि पाठलाग त्यावरच बेतलेले असतात. आपल्याकडे ते बसत नाही, म्हणून पाठलागाचे प्रसंग मूळ शहरातच राहू द्या, फक्त थांबण्याच्या जागा इकडे आणा. दोन, ऋतू. तिकडचा बर्फ इकडे आणू नका, श्रावणातली संध्याकाळ चालते. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं : रोजच्या वाटेवरची जागा नकाशात घेऊ नका. क्लासची इमारत, मेस, होस्टेलची गल्ली यांवर जादू टिकत नाही. तिथे उद्याची टेस्ट आधीच बसलेली असते. महिन्यातून एखाद्या वेळी जिथे जाणं होतं अशाच जागा घ्या.

उदगीरचा_बुरूज

@नळदुर्गी, लातूरच्या पोराला उत्तर देताना गंजगोलाई विसरूलालाव का काय! मधोमध गोल इमारत, जगदंबेचं देऊळ, सोळा रस्ते येऊन मिळतात, बाजाराचा गलका. कादंबरीतला जादूचा बाजार दुसरीकडं शोधायची गरजच नाही. सोळातले पंधरा रस्ते सगळ्यांना दिसतात असं धरा आणि सोळावा वाचताना ठरवा.

साडेदहानंतर (लातूर)

सोळावा रस्ता घेतला! गंजगोलाई रोजच्या वाटेवर नाही, त्यामुळे चालेल.

शेवटचं विचारतो. होस्टेलमधल्या आणखी तिघांना ही कादंबरी एकत्र वाचायची आहे. दोघांकडे वेगळ्या आवृत्त्या आहेत, एकाकडे मोबाइलवर आहे. पानांचे आकडे जुळत नाहीत.

बालाघाट (अंबाजोगाई)

पानांवर जाऊच नका, अध्यायावर जा. आवृत्तीप्रमाणे पानं चाळीस-पन्नासने मागेपुढे होतात, अध्यायांचे आकडे सहसा बदलत नाहीत. वर्धापनाच्या आवृत्त्यांत शेवटी जादा प्रसंग जोडलेले असतात, ते सगळ्यांचं संपेपर्यंत कुणी वाचायचे नाहीत असं आधी ठरवा. अमेरिकी आणि ब्रिटिश प्रतींत स्पेलिंग वेगळी असतात, क्वचित एखादा शब्दही. त्यावर वाद घालत बसू नका.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

चौघांसाठी वेळापत्रक : आठवड्याला पाच रात्री वाचन, एक रात्र कोरी, रविवारी अर्धा तास गप्पा. कोरी रात्र वगळू नका, मागे राहिलेला त्याच रात्री गाठतो. दर आठवड्याला साधारण शंभर पानांइतके अध्याय घेतले तर तीनशेपर्यंतचा भाग तीन आठवड्यांत होतो आणि शेवटची दीडशे पानं चौथ्या रविवारी दुपारी सगळ्यांनी एकाच खोलीत, आपापली प्रत घेऊन. गप्पांमध्ये 'पुढे काय होतं' हा विषय बंद, कारण तिघांपैकी कुणी पहिल्यांदा वाचत असेल. त्याऐवजी प्रत्येकाने त्या आठवड्यातली एक जागा निवडायची आणि ती लातुरात कुठे बसते ते सांगायचं. चौघांच्या चार वेगळ्या जागा येतील. चारही नकाशावर वेगळ्या पेन्सिलीने घ्या, एकच पक्की करू नका. टेस्ट असलेल्या आठवड्यात अध्याय निम्मे करा आणि वेळापत्रक एक आठवडा पुढे ढकला.